तेविसाव्या ओळीतलं शून्य

मी निकालवही बोलतेय. दचकू नका. आम्हा वह्यांना बोलायचं खूप असतं, पण लोक येतात, हवा तो आकडा पाहतात आणि फटकन मिटून टाकतात. आज कोणी घाईत नाही, तर ऐकून घ्या.

नदीकाठच्या एका ग्रामीण मतदारसंघाची मी वही. राज्याच्या विधिमंडळात इथून एक माणूस निवडून जातो. कोण गेला, कोणाच्या मतांवर गेला आणि कोण थोडक्यात राहिला, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. एक्केचाळीस मतदान केंद्रं आणि बारा निवडणुका, म्हणजे पंचावन्न वर्षांचा हिशेब. एवढं आयुष्य या कचेरीतल्या एकाही खुर्चीला लाभलेलं नाही.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथल्या बाइंडरने मेण लावलेल्या दोऱ्याने माझी पानं शिवली, खळ लावून कापडी पुठ्ठा चढवला आणि मला उचलताना कपाळावर हात मारून घेतला. "ही वही आहे की पलंग?" तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. एका निवडणुकीला माझी समोरासमोरची दोन पानं लागतात. केंद्राचा क्रमांक, गाव, एकूण मतदार, झालेलं मतदान, मग प्रत्येक उमेदवाराची मतं, बाद मतं आणि अगदी उजवीकडे 'शेरा' नावाचा अरुंद रकाना. काही वेगळं घडलं तर ते तिथे लिहायचं. हा रकाना लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथेच आहे.

पहिल्या पाच निवडणुकांत लिहिण्यासारखं फारसं घडलं नाही. बावीस नंबरच्या गावात पिठाची मोठी गिरणी होती, तिचे मालक उभे राहायचे आणि निवडून यायचे. लोक त्यांना गिरणीवालेच म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण विसरत नसे. कोणत्या गावाने किती मतं दिली हे त्यांना तोंडपाठ असायचं. निकालानंतर मला पाहण्याचा हक्क प्रत्येक उमेदवाराला असतो. ते स्वतः येत, चष्मा पुसत आणि प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचत. त्यांच्या बोटाला पीठ असायचं. माझ्या कडा अजून पांढुरक्या आहेत त्या त्यामुळे.

मतदारांचं मात्र मला फार कौतुक वाटे. नऊ नंबरच्या गावात दोन भावांचा बांधावरून वाद होता, म्हणून अख्खं गाव दोन पक्षांना बरोबर निम्मं निम्मं मत द्यायचं. एकतीस नंबरला दर निवडणुकीत एक मत बाद निघायचं, कारण तिथला एक गृहस्थ कोणाचं मन मोडायला नको म्हणून सगळ्यांच्याच नावापुढे खूण करायचा. सातव्या निवडणुकीपासून ते बाद मत दिसेनासं झालं. मला चुटपुट लागली.

आता तेवीस नंबर. ही नदीपलीकडची वस्ती. मतदार चाळीस-पंचेचाळीस. अलीकडे यायला सरकारी नाव, नाहीतर वरच्या पुलावरून चौदा किलोमीटरचा वळसा. इतकी लहान वस्ती, पण मतदानाच्या दिवशी आजारी सोडून सगळे हजर. त्यांचं केंद्र म्हणजे शाळेची एक खोली, आणि त्या दिवशी तिथे जत्रेसारखी गर्दी. चाळीस माणसांची जत्रा, पण जत्राच.

सहाव्या निवडणुकीत गिरणीवाल्यांसमोर एक शाळामास्तर उभे राहिले. जिंकले गिरणीवालेच, तीनशेच्या फरकाने. पण माझ्या तेविसाव्या ओळीत काय लिहिलं गेलं? झालेलं मतदान एक्केचाळीस, पैकी मास्तरांना छत्तीस. गिरणीवाल्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. महिन्याभरात नाव दुरुस्तीला गेली आणि एकोणीस महिने परत आली नाही.

त्या एकोणीस महिन्यांत वस्तीतली एक बाळंतीण बैलगाडीतून पुलाच्या वाटेने निघाली. बाळ वाटेतच जन्मलं आणि जगलं. आई गेली. गाडीत तिच्या उशाशी वस्तीतली सुईण होती. तिला सगळे आत्या म्हणत. हे मला खूप नंतर आत्याच्याच तोंडून कळलं. पण कळलं तेव्हा मला माझ्या त्या छत्तीसच्या आकड्याची भीती वाटली. तो माझ्यातूनच वाचला गेला होता ना.

माझं सगळं लेखन तेव्हा एका कारकुनाच्या हातात होतं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांचं नाव पडलं मोतीकारकून. नाकासमोर चालणारा माणूस. टाक बुडवायचा, कडेला निथळायचा आणि मगच लिहायचा. पंचवीस वर्षांत माझ्या पानावर त्यांनी एकही डाग पाडला नाही. त्यांच्यावर माझा जीव होता हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सातवी निवडणूक आली. मोजणीच्या दिवशी दुपारी तेवीस नंबरची पेटी उघडली, तर आत अडतीस मतपत्रिका. मोतीकारकून उठून निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेले आणि नियमांचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. पन्नासपेक्षा कमी मतदान असेल तर त्या मतपत्रिका शेजारच्या केंद्रात मिसळून मोजता येतात, म्हणजे कोणी कोणाला मत दिलं ते गुप्त राहतं. नियम जुनाच होता, पण कधी वापरला नव्हता. अधिकाऱ्यांनी मान हलवली. उमेदवारांची माणसं म्हणाली, अडतीस मतांनी काय होतंय? तेविसाची मतं बावीस नंबरच्या ढिगात मिसळली गेली. म्हणजे थेट गिरणीवाल्यांच्या गावात!

मग मोतीकारकुनांनी मला उघडलं. तेविसाव्या ओळीत एकूण मतदार शेहेचाळीस लिहिले. झालेलं मतदान, शून्य. पुढे सगळीकडे शून्य. त्यानंतर त्यांचा टाक शेऱ्याच्या रकान्यावर आला. 'क्र. २२ मध्ये मिसळून मोजले', इतकंच लिहायचं होतं. त्यांनी टाक उचलला, पुसला आणि ठेवून दिला. रकाना कोरा राहिला. चहा आला होता, म्हणून विसरले असतील असं मी धरून चालले.

गिरणीवाले आले, त्यांनी तेवीसपुढचं शून्य पाहिलं आणि हसले. "रुसलेत वाटतं," म्हणाले. मग बोट वर सरकलं. बावीस नंबरमध्ये, त्यांच्या स्वतःच्या गावात, विरोधात तीस-पस्तीस मतं जास्त होती. त्यांचा चेहरा पडला. घरभेदी कोण याचा विचार करकरून त्यांनी शेवटी स्वतःच्या मेव्हण्यावर संशय घेतला आणि बिचाऱ्याशी पाच वर्षं अबोला धरला. नाव मात्र त्या पाच वर्षांत एक दिवसही बंद पडली नाही.

पुढच्या वर्षी मोतीकारकुनांची बदली झाली. जाताना त्यांनी किल्ल्या दिल्या, मला फडक्याने पुसलं आणि गेले. नव्या कारकुनाने आठव्या निवडणुकीला काय केलं असेल? कचेरीत सगळे जे करतात तेच. मागचं पान उघडलं आणि तसंच पुढे उतरवलं. मागच्या वेळी बावीस-तेवीस एका टेबलावर मोजले होते, म्हणून याही वेळी. मागच्या वेळी शून्य होतं, म्हणून याही वेळी. नववी, दहावी, अकरावी, तसंच. माणसं बदलली, टाक जाऊन बॉलपेन आलं, शून्य तेवढं कायम राहिलं. तळाची बेरीज जुळत होती, आणि बेरीज जुळली की कारकून वर पाहत नाही.

मतपत्रिका आणि खुणा केलेल्या याद्या वर्षभराने नियमाप्रमाणे नष्ट करतात. उरते ती मी. म्हणजे कागदोपत्री त्या वस्तीने वीसेक वर्षं मतदानच केलेलं नव्हतं, आणि हे खोटं माझ्याच अंगावर लिहिलेलं होतं. मी काय करणार? मला ओळ वाचून दाखवता येते, दुरुस्त करता येत नाही.

अकराव्या निवडणुकीनंतर वरून आदेश आला. ज्या केंद्रांवर लागोपाठ तीन निवडणुकांत मतदान झालेलं नाही ती बंद करावीत, तिथले मतदार जवळच्या केंद्राला जोडावेत. आमच्या कचेरीतून एकच क्रमांक गेला, तेवीस. वस्तीच्या शाळेवर नोटीस लागली आणि तिसऱ्या दिवशी आत्या कचेरीत हजर झाली.

तोवर ती सत्तरीला टेकली होती. टेबलावर नवी कारकून बाई होती, रुजू होऊन सहा महिने झालेली. आत्याने नोटीस तिच्यापुढे ठेवली.

"पोरी, हे काय लावलंय आमच्या शाळेवर?"

"आत्या, तुमच्याकडे कोणी मतदानच करत नाही. मग केंद्र ठेवून काय करायचं?"

"कोण म्हणतं?"

बाईंनी मला उघडलं, अकराव्या निवडणुकीचं पान काढलं आणि ओळ दाखवली. शून्य वाचायला शाळा लागत नाही. आत्या बघत राहिली.

"मागचं बघू."

दहावं पान. पुन्हा शून्य. आत्याचा आवाज चढला. "या खेपेला आमच्या घरातले पार अंथरुणाला खिळलेले होते. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं त्यांना मत द्यायला. मला म्हणाले, हळू चल, मी काय पळून जातोय? त्यानंतर आठव्या दिवशी गेले. आणि तुझी वही म्हणते शून्य? मग तो माणूस गेला कुठे होता खुर्चीत बसून?"

आजवर मला उघडणाऱ्यांनी माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. पहिल्यांदाच कोणीतरी समोरच्या माणसाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे संशयाने पाहिलं. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, हायसं वाटलं.

"आत्या, दोन दिवस द्या मला," बाई म्हणाल्या.

त्या दोन दिवसांत त्यांनी माझी पानं इतकी उलटली की माझी शिवण कुरकुरली. त्या बेरजा करत नव्हत्या, आडवं वाचत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नवव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्या निवडणुकीत गिरणीवाल्यांविरुद्ध बावीस नंबरमधलाच, त्यांच्या गावचा माणूस उभा होता, म्हणून तिथे चुरशीने मतदान झालेलं. एकूण मतदार पाचशे बारा. झालेलं मतदान पाचशे सत्तावीस.

पाचशे बारा माणसांनी पाचशे सत्तावीस मतं दिली होती, आणि बारा वर्षांत कोणाला ते खटकलं नव्हतं!

बाई मला उराशी धरून साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब सावध माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे बावीस नंबरला बोगस मतदान झालं असं म्हणायचंय तुम्हाला? काट्याचा नायटा कराल हं."

"नाही साहेब. तेविसाची मतं बाविसात मिसळली असणार. नियमात तशी सोय आहे."

"मग शेरा कुठाय?"

शेरा कुठाय! वीसेक वर्षं मी हेच विचारत होते.

"सातव्या पानावरचं अक्षर ज्यांचं आहे, ते अजून आहेत," बाई म्हणाल्या. "बाजाराच्या मागच्या गल्लीत सुनेकडे राहतात."

दुसऱ्या दिवशी मोतीकारकून आले. सुनेने हाताला धरून आणलं होतं. दृष्टी अधू झालेली, मान किंचित हलत होती. आत्यालाही बोलावलं होतं. मला त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी आधी कापडी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मला भरून आलं.

"सातवं पान," साहेब म्हणाले. "शेरा राहिला का तुमच्याकडून? विसरलात?"

"विसरलो नाही. लिहिला नाही."

साहेब दचकले. मीसुद्धा.

"शेरा लिहिला असता तर गिरणीवाल्यांनी वाचला असता," ते सावकाश म्हणाले. "तेविसाची अडतीस बाविसात आहेत हे कळायला त्यांना किती वेळ लागला असता? शून्य लिहिलं की प्रश्न मिटला. शून्यावर कोणी सूड उगवत नाही, साहेब. पुढच्या माणसाला तोंडी सांगणार होतो. पण बदली झाली त्या दिवशी साहेब घाईत, मी घाईत, किल्ल्या दिल्या आणि निघालो. वाटलं, एकाच निवडणुकीचा तर प्रश्न आहे." मग ते आवाजाच्या अंदाजाने आत्याकडे वळले. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मला माफ करा, बाई."

आत्या त्यांच्याजवळ सरकली. "नाव सुरू राहिली ती तुमच्यामुळे होय," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, गिरणीवाल्यांना पाझर फुटला."

आणि मी वीसेक वर्षं त्या भल्या माणसाला विसराळू म्हणत आले होते. वहीलाही चूक कबूल करता आली पाहिजे. ही माझी.

मोतीकारकुनांचा जबाब लिहून घेतला. जुन्या पानाला आज शाई लावता येत नाही, म्हणून तो सातव्या पानाला टाचणीने जोडला. सही त्यांनी स्वतः केली. अक्षर थरथरलेलं होतं, पण डाग नाही. साहेबांनी सगळं वाचलं आणि आत्याला म्हणाले, "केंद्र वाचवता येईल. पण एक अट आहे. यापुढे तुमची मतं वेगळी मोजावी लागतील आणि या वहीत वेगळी दिसतील. पुन्हा मिसळली तर पुन्हा हाच गोंधळ. आणि ही वही सगळ्यांना पाहता येते, हे तुम्हाला माहीत आहेच."

म्हणजे एक तर दिसा, नाहीतर बंद व्हा. गिरणीवाले आता थकले होते, पण त्यांचा पुतण्या निवडून आलेला होता आणि तोही काही विसरणारा नव्हता. आत्या उठली. "वस्तीला विचारून येते," म्हणाली. तेव्हाच तिने बैलगाडीतल्या त्या बाळंतिणीची गोष्ट सांगितली. सांगताना रडली नाही. बाई मात्र रडल्या.

आठवड्याने ती परत आली. वस्तीत दोन दिवस भांडणं झाली म्हणे. काहींचं म्हणणं, कशाला हात दाखवून अवलक्षण? पलीकडे जाऊन मत देऊ, गर्दीत कोणाला कळतंय? "मग मी विचारलं, पलीकडे जाणार कोण? म्हाताऱ्यांना खुर्चीसकट नावेत घालणार का? सगळ्यात शेवटी त्या बाळंतिणीचा मुलगा उठला. सव्वीस वर्षांचा बाप्या झालाय, त्याला स्वतःला दोन पोरं आहेत. म्हणाला, माझी आई त्या आकड्यापायी गेली. आता आकडा लपवून तिचं काय भलं होणार आहे? मोजा म्हणावं." आत्या साहेबांकडे वळली. "तर साहेब, वेगळं मोजा. आणि नाव बंद झाली तर तक्रार कोणाकडे करायची, तेवढं या पोरीकडून लिहून हवं."

बाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं, शिक्क्यासकट.

बारावी निवडणूक गेल्या महिन्यात झाली. माझी शेवटची दोन पानं तिने भरली. तेविसावी ओळ बाईंनी स्वतः लिहिली. एकूण मतदार चव्वेचाळीस. झालेलं मतदान बेचाळीस. पुतण्याला नऊ, त्याच्या विरोधातल्या जनावरांच्या डॉक्टरला एकोणतीस, तिसऱ्याला तीन, बाद एक. शेऱ्यात लिहिलं, 'स्वतंत्र मोजले'. निवडून पुतण्याच आला, नऊशेच्या फरकाने. चार दिवसांनी तो कचेरीत येऊन गेला. मला उघडून त्याने ती ओळ वाचली, दोनदा वाचली. कपाळाला आठी पडली आणि तो निघून गेला. त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. नाव आजपर्यंत तरी चालू आहे.

आता माझ्यात कोरं पान उरलेलं नाही. पुढचे निकाल संगणकात जाणार आहेत, आणि उद्या मला तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात नेऊन ठेवतील. तक्रार नाही. फक्त संगणकाशेजारी बसणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्याही यादीत एखादं शून्य येईल. ते पुढे उतरवण्याआधी एकदा तिथल्या माणसाला विचारा.

काल आत्या आली होती. मला हलवणार हे ऐकून खास नावेने आली. बाईंनी मला टेबलावर पसरलं आणि तिचं बोट धरून तेविसाव्या ओळीवर ठेवलं. आत्याने ते बेचाळीसवरून नऊवर, नऊवरून एकोणतीसवर, तिनावर आणि एकावर सावकाश फिरवलं. त्या बोटाखाली मी किती ताठ झाले होते म्हणून सांगू!

"यातलं माझं कुठलं गं?" तिने विचारलं.

"ते मला नाही सांगता यायचं, आत्या. कोणालाच नाही."

"नकोच सांगू." ती हसली. मग तिने पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू. "पण आहे ना यात?"

"आहे," बाई म्हणाल्या.